चपला सांभाळणारा

गेली चाळीस वर्षे मी नृसिंहवाडीला जातो आहे, आणि गेली चाळीस वर्षे तिथे मी एकच काम करतो आहे. घाटाच्या वरच्या पायरीवर उभे राहून चपला सांभाळणे! सौ. खाली उतरते, कृष्णेत तीन बुड्या मारते, ओल्या पदराने वर येते, आणि मी तिच्या हातात तिचा चष्मा, पर्स नि कोरड्या कपड्यांची पिशवी देतो. शेजारच्या एखाद्या गृहस्थाने विचारलेच, "आपण नाही का उतरणार?" तर माझे उत्तर तयार असते. पूर्वी मी म्हणत असे, "जरा सर्दी आहे." पुढे म्हणू लागलो, "कुणीतरी चपलांपाशी हवे ना!" आणि आता म्हणतो, "वय झाले हो." हे शेवटचे उत्तर सर्वांत सोयीचे. त्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

ते उत्तर खरे नव्हे, हे मला ठाऊक होते. पण ते मी कुठून उचलले होते, हे मात्र फार उशिरा ध्यानात आले. ते मी एका कवितेतून उचलले होते. आणि तीही अशी की जी मी जन्मभर दुसऱ्यांना समजावून सांगत आलो.

मी इंग्रजीचा मास्तर. आमच्या भागातल्या एका कॉलेजात तीस वर्षे टी. एस. एलियटची 'द लव्ह साँग ऑफ जे. आल्फ्रेड प्रुफ्रॉक' ही कविता शिकवली. नाव प्रेमगीताचे, पण तीत कुणी कुणावर प्रेम करीत नाही, आणि गाणे तर दूरच. संध्याकाळची वेळ आहे. धुरकट गल्ल्याबोळांतून एक गृहस्थ कुठल्याशा बड्या दिवाणखान्याकडे निघाला आहे. तिथे बायका आहेत, चहा आहे, कलेवरच्या गप्पा आहेत. तिथल्या कुणा एकीला त्याला काही विचारायचे आहे. काय विचारायचे आहे, ते तो आपल्यालाही सांगत नाही. जिना चढावा की मागे फिरावे? फिरलो तर डोक्यावरचे विरळ झालेले केस वरून दिसतील. दंडापायांच्या काड्या झाल्या आहेत असे लोक म्हणतील. कोट ठाकठीक आहे, कॉलर ताठ आहे, टायला टाचणी आहे, आणि आत नुसती धडधड. समजा, धीर करून विचारले, आणि समोरची शांतपणे म्हणाली की आपला काही गैरसमज झालेला दिसतो, तर? त्यापेक्षा थांबू या, घाई काय आहे, अजून पुष्कळ अवकाश आहे, असे म्हणता म्हणता कविता संपत येते. शेवटी हा गृहस्थ पँटचे पाय दुमडून समुद्राच्या कडेकडेने चालताना दिसतो. लाटांवरच्या जलपऱ्यांचे गाणे त्याला ऐकू येते, पण त्या आपल्यासाठी गात असतील यावर मात्र त्याचा विश्वास बसत नाही.

वर्गात मी फळ्यावर लिहीत असे: 'मध्यमवयीन माणसाची शोकांतिका.' मुले उतरून घेत. परीक्षेत तेच लिहीत. मी गुण देत असे. सारे सुरळीत चालले होते. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, "सर, ही कविता लिहिली तेव्हा कवीचे वय काय होते?"

"२२," मी म्हणालो.

"मग त्याला कसले आलेय म्हातारपण?"

वर्ग हसला. मी परकायाप्रवेश, कवीची प्रतिभा वगैरे दोनचार भारदस्त शब्द टाकून वेळ मारून नेली. पण प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला, आणि राहिला.

कारण हिशेब सरळ होता. एलियट जन्मला १८८८ मध्ये. कविता पुरी झाली १९११ च्या उन्हाळ्यात. छापून आली ती जून १९१५ मध्ये, शिकागोच्या 'पोएट्री' मासिकात. आणि तीही एझ्रा पाउंडने संपादिकाबाईंच्या मागे सारखा तगादा लावला म्हणून. १९१७ मध्ये पुस्तक निघाले, त्याच्या अवघ्या ५०० प्रती काढल्या होत्या. म्हणजे विसाव्या शतकातले हे सर्वांत प्रसिद्ध म्हातारे ज्याने घडवले, त्याच्या स्वतःच्या डोक्यावर तेव्हा भरगच्च केस होते. प्रुफ्रॉकचे टक्कल हे उसने आणलेले टक्कल आहे!

आपल्याकडेही पाहा ना. मराठी नवकवितेचे अध्वर्यू बा. सी. मर्ढेकर विशीतच इंग्लंडला जाऊन आलेले, एलियट मुरवून घेतलेले. १९३९ मध्ये त्यांचा पहिला संग्रह निघाला, त्याचे नाव 'शिशिरागम'. पानगळीचा ऋतू आला असे जाहीर करणाऱ्या या कवीचे वय तेव्हा तिशीच्या आतच होते. तरुणपणी म्हातारपणाचा कोट अंगावर चढवण्यात एक सोय असते. तारुण्य काहीतरी मागते. म्हाताऱ्याजवळ मात्र कुणी काही मागत नाही. नकार यायच्या आधीच आपण निवृत्त झालेले असतो.

माझ्या मनात जे हळूहळू स्पष्ट होत गेले ते इतकेच: प्रुफ्रॉक वयाला भीत नाही. वय हे निमित्त आहे. तो भितो ते दुसऱ्याच कशाला तरी, आणि वयाच्या आडोशाला जाऊन बसतो. जसा मी चपलांच्या आडोशाला.

त्याची ही भीती कवितेच्या आरंभालाच दडलेली आहे. एलियटने सुरुवातीला दान्तेच्या महाकाव्यातल्या काही ओळी मूळ इटालियनमध्ये टाकल्या आहेत. नरकात ज्वाळेत गुरफटलेला ग्विदो दा मोन्तेफेल्त्रो नावाचा पापी बोलतो आहे. त्याचे म्हणणे असे की इथून परत जाऊन कुणी जगात बोभाटा करील असे वाटते तर मी तोंड उघडले नसते. पण इथून आजवर कुणी जिवंत परतलेले नाही, तेव्हा सांगतो. म्हणजे मन मोकळे करायचे, पण ऐकणाऱ्याचे तोंड कायमचे बंद आहे याची खात्री करून घेऊन.

आणि कवितेचे नाव? त्याचा धागा चक्क आपल्या देशात निघतो. एलियटने पुढे सांगितले की 'लव्ह साँग' हा शब्द आपल्याला सुचला तो किपलिंगमुळे. किपलिंगच्या 'द लव्ह साँग ऑफ हर दयाल' या गाण्याचे नाव त्याच्या डोक्यात घर करून बसले होते. हे गाणे १८८८ च्या 'प्लेन टेल्स फ्रॉम द हिल्स' या संग्रहातल्या एका कथेत आहे. ट्रेजॅगो नावाचा एक साहेब गल्लीतल्या जाळीच्या खिडकीशी हे गाणे म्हणत बिसेसा नावाच्या कोवळ्या वयाच्या विधवेकडे जातो. प्रेम जमते. पुढे घरच्यांना कळते. काही दिवसांनी साहेब पुन्हा खिडकीशी येतो, तेव्हा ती चांदण्यात आपले दोन्ही हात जाळीबाहेर काढून दाखवते. मनगटापासून तोडलेले! प्रेमाने हात पुढे केला की त्याचे काय होते, हे त्या कथेने सांगितले. आणि ते नाव डोक्यात घेऊन एका तरुणाने हात खिशातच ठेवणाऱ्या माणसाची कविता लिहिली. त्यात योगायोग किती आणि आणखी काही किती, ते मी सांगू शकत नाही. पण ती कथा वाचल्यापासून प्रुफ्रॉकला हसणे मला जड जाऊ लागले.

मग २०२० साल उजाडले, आणि जानेवारीच्या दोन तारखेला अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाने काही पेट्या उघडल्या. त्यांत एलियटने एमिली हेल या बाईंना लिहिलेली १,१३१ पत्रे होती. बाई १९६९ मध्ये वारल्या. त्यानंतर ५० वर्षे पत्रे उघडायची नाहीत अशी अट होती. १९१२ मध्ये हार्वर्डला असताना एलियट त्यांच्या प्रेमात पडला. १९१४ मध्ये युरोपला निघण्यापूर्वी त्याने ते कसेबसे बोलूनही दाखवले, आणि समोरून तसा प्रतिसाद नाही असे समजून तो निघून गेला. पुढच्याच वर्षी, नेमकी कविता छापून आली त्याच जून महिन्यात, त्याने लंडनला व्हिव्हियन हेवुड हिच्याशी घाईघाईने लग्न केले. ते लग्न दोघांनाही सुख देऊ शकले नाही. १९३० पासून १९५७ पर्यंत तो एमिलीला पत्रांमागून पत्रे लिहीत राहिला. १९४७ मध्ये व्हिव्हियन वारली. आता मार्ग मोकळा होता. आणि मार्ग मोकळा झाल्याबरोबर हा गृहस्थ मागे सरला! पुढे १९६० मध्ये त्याने एक खुलासा लिहून ठेवला आणि तोही त्या पेट्या उघडतील तेव्हाच उघडावा अशी व्यवस्था केली. त्यात म्हटले होते की एमिलीशी लग्न झाले असते तर आपल्यातला कवी मेला असता. तिने त्याला लिहिलेली पत्रे तर त्याने नष्टच करवली.

ही बातमी मी सकाळच्या चहाबरोबर वाचली आणि चहा तसाच राहिला. ग्विदोचेच हे वागणे! सांगायचे, पण ऐकणारी सगळी माणसे निघून गेल्यावर.

तरीही एलियटला निव्वळ प्रुफ्रॉक म्हणून सोडून देता येत नाही. १० जानेवारी १९५७ च्या पहाटे सव्वासहा वाजता, कुणाला पत्ता लागू न देता, त्याने आपली सेक्रेटरी व्हॅलरी फ्लेचर हिच्याशी लग्न केले. तो ६८ वर्षांचा, ती ३० वर्षांची. लोक काय म्हणतील याचा विचार करून मूळचा प्रुफ्रॉक जिन्यातूनच परत फिरला असता. हा फिरला नाही. १९६५ मध्ये तो वारला तोपर्यंतची ही आठ वर्षे आपल्या आयुष्यातली सुखाची, असे त्यानेच पुन्हापुन्हा सांगून ठेवले आहे. बाविसाव्या वर्षी म्हातारा झालेला माणूस अडुसष्टाव्या वर्षी तरुण झाला, म्हणा ना. तेव्हा वय हे कारण असते, तर हिशेब उलटा यायला हवा होता.

मग कारण कोणते? ते मला सापडले वाडीत.

वाडी हे कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचे गाव, शिरोळ तालुक्यातले. श्रीनृसिंहसरस्वतींचा इथे बारा वर्षे वास होता असे सांगतात. देवळाला शिखर नाही, गाभाऱ्यात मूर्ती नाही. औदुंबराखाली पादुका, समोर घाट आणि घाटाखाली नदी, एवढाच सारा संसार. रात्री पालखी निघते, पदे म्हटली जातात, आणि बाहेर रस्त्यावर कंदी पेढे नि बासुंदीची दुकाने उजळलेली असतात. पावसाळ्यात नदी एकेक पायरी चढत देवळात शिरते. पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडू लागले की दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला माणसे दुरून धावत येतात. जो खाली उतरत नाही त्याच्याकडे वर्षाकाठी नदीच चढून येते. (२०१९ च्या ऑगस्टात तर ती गावच्या गाव ताब्यात घेऊन बसली होती, तेव्हा कुणाचीच काठावर उभे राहण्याची सोय उरली नव्हती.)

'गुरुचरित्रा'च्या अठराव्या अध्यायात इथलीच एक गोष्ट आहे, ती बहुतेकांना माहीत असेल. एका गरीब ब्राह्मणाच्या दारात घेवड्याचा वेल होता. भिक्षेत धान्य मिळाले नाही तर त्या शेंगांवर घर चालायचे. गुरू एके दिवशी भिक्षेला आले. बाईने घेवड्याची भाजी वाढली. ती जेवून गुरू निघाले आणि जाता जाता तो वेलच त्यांनी उपटून टाकला! बाईने आकांत केला. नवऱ्याने तिची समजूत घातली, आणि वेलाचे मूळ काढायला म्हणून खणू लागला, तर खाली धनाचा कुंभ.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला कुंभाचे कौतुक वाटे. आता वाटते ते वेलाचे. प्रत्येकाच्या दारात असा एक घेवडा असतो. त्यावर पोट भरत नाही, पण उपाशी मरायचीही वेळ येत नाही. प्रुफ्रॉकच्या दारातला घेवडा म्हणजे त्याचा ताठ कॉलरचा कोट, ठरलेल्या वेळचा चहा आणि 'अजून अवकाश आहे' हे पालुपद. तो वेल उपटू द्यायची त्याची तयारी नाही. खाली काही असेलही. पण नसले तर?

आणि मग शब्द आला तो दत्त. वाडीला आल्यापासून कानावर दुसरा शब्द पडत नाही. अत्रि-अनसूयेला जो दिला गेला तो दत्त. पण हाच शब्द एलियटच्याही कवितेत आहे, हे वाचकांपैकी काहींना ठाऊक असेल. 'प्रुफ्रॉक' लिहून झाल्यावर त्याच वर्षी, १९११ मध्ये, तो हार्वर्डला परतला आणि लॅनमन या पंडितांच्या हाताखाली संस्कृत शिकू लागला. पुढे १९२२ मध्ये त्याची 'द वेस्ट लँड' प्रसिद्ध झाली. तिच्या शेवटच्या भागात दूर हिमवंतावर ढग जमतात आणि मेघ गरजतो: द, द, द. हे आले आहे बृहदारण्यकोपनिषदातून. प्रजापतीकडे देव, मानव आणि असुर उपदेश मागायला गेले. त्याने तिघांनाही 'द' एवढे एकच अक्षर दिले. देवांनी ऐकले 'दाम्यत', आवरा स्वतःला. असुरांनी ऐकले 'दयध्वम्', दया करा. आणि माणसांनी ऐकले 'दत्त', द्या. उपनिषदात देव पहिले येतात. एलियटने क्रम मोडून माणसांचा 'दत्त' आधी घेतला.

संस्कृतातली गंमत अशी की 'दत्त' म्हणजे 'दिलेला', आणि 'दत्त' म्हणजेच 'तुम्ही द्या'. रूप एकच. अनसूयेच्या ओटीत पडलेले देणे आणि माणसाला केलेली आज्ञा एकाच शब्दात बसतात. एलियटने त्या 'दत्त'चा जो अर्थ लावला आहे तो पैशाअडक्याच्या दानाचा नाही. एका क्षणी स्वतःला सोडून देण्याचे धाडस, शहाणपणाच्या कितीही वर्षांनी जे पुसता येत नाही असे काहीतरी, असा तो अर्थ आहे.

प्रुफ्रॉक भितो ते या 'दत्त'ला. त्याला वाटते आपण नकाराला भितो. पण नकार ही तशी छोटी गोष्ट आहे; चार दिवस झोप लागत नाही, इतकेच. भीती असते ती होकाराची. होकार आला तर द्यावे लागेल. वेळ द्यावा लागेल, शब्द द्यावा लागेल, टक्कल दिसू द्यावे लागेल. मागायचे धाडस आपल्याला नाही असे आपण म्हणतो. खरे तर द्यायचे धाडस नसते.

आता सांगायला हरकत नाही. लग्न झाल्यावर महिन्याभरात आम्ही जोडीने वाडीला आलो होतो. मी २८ वर्षांचा, नवा प्राध्यापक. ती तीन पायऱ्या खाली गेली, वळली, आणि हात पुढे करून म्हणाली, "चला ना, जोडीने बुडी मारायची असते." घाटावर माझे दोन काका होते. थोड्या अंतरावर कॉलेजातली चार मुले होती. भर गर्दीत, सर्वांच्या देखत बायकोचा हात धरून पाण्यात उतरायचे! मी म्हणालो, "तू हो पुढे. मी चपला सांभाळतो." तिने हात मागे घेतला. रागावली नाही. पुन्हा कधी पुढे केलाही नाही. चाळीस वर्षांत आमचे काही अडले असे नाही. मुले झाली, घर झाले, आजारपणे झाली. तरी तो मागे घेतलेला हात मला दर पौर्णिमेला दिसायचा.

यंदा भाद्रपदी पौर्णिमेला गेलो. पाणी नुकतेच ओसरले होते. पायऱ्यांवर गाळ नि शेवाळ. एक म्हातारे जोडपे उतरत होते. आजोबांनी आजींचे मनगट घट्ट धरले होते आणि वर मोठ्याने सर्वांना ऐकवत होते, "निसरडे आहे हो फार, निसरडे आहे!" मला हसू आले. किती सुंदर निमित्त! मी वयाचे निमित्त करून वर राहिलो, आणि हा म्हातारा शेवाळाचे निमित्त करून उतरला.

सौ. चष्मा काढून माझ्या हातात देऊ लागली. मी तो तिच्या पर्समध्ये टाकला, पर्स पिशवीत टाकली, पिशवी पायरीवर ठेवली, आणि म्हणालो, "हात दे."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "अहो, बरे आहे ना तुम्हाला?"

"निसरडे आहे," मी म्हणालो.

तिने हात दिला. गुडघे कुरकुरत होते, पाणी बर्फासारखे गार होते, आणि तिसऱ्या पायरीवर मी खरोखरच घसरलो, तिनेच सावरले. बुडी मारून वर आलो तेव्हा नाकातोंडात पाणी गेले होते, डोक्यावर उरलेले चार केस कपाळाला चिकटले होते, आणि अवघा घाट पाहत होता. कुणाला काही वाटल्याचे दिसले नाही.

"आणि चपला?" तिला एकदम आठवले.

वर येऊन पाहतो तो पिशवी होती, तिच्या चपलाही जागच्या जागी होत्या. माझ्या मात्र कुणीतरी घालून गेले होते.

बासुंदीच्या दुकानापर्यंत मी अनवाणी चालत गेलो. ती सारी वाट हसत होती. म्हणाली, "बघा, चाळीस वर्षांत एकदा जागा सोडलीत!"